आपल्या शहराची केबल वाहिनी: ठाणे-नवी मुंबईत ती कशी उभारायची आणि रोज कशी चालवायची

स्थानिक वाहिनी काढायची ठरली की पहिला पैसा सेटवर जातो. मागे एलईडी भिंत, पुढे काचेचं टेबल, दोन अँकर. प्रत्यक्षात घोडबंदर रोडवरचा किंवा घणसोलीतला माणूस ही वाहिनी लावतो ती तीन गोष्टींसाठी: उद्या पाणी येणार का, आपल्या मंडळाची मिरवणूक दिसते का आणि आपल्या प्रभागात काय चाललंय. या तिन्हींना सेट लागत नाही. स्वच्छ आवाज, नेमकी माहिती आणि चोवीस तास न तुटणारा सिग्नल लागतो. पैसा आणि माणसं याच क्रमाने लावावीत असं आमचं स्पष्ट मत आहे. सेट सहा महिन्यांनी केला तरी चालतो. फरफरणाऱ्या माईकमुळे गेलेला प्रेक्षक मात्र सहसा परत येत नाही.

परवानगी नेमकी कोणाची

ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरं केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होती. त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्याआधी गल्लीतला केबलवाला आपल्याच खोलीत मॉड्युलेटर (सिग्नल केबलवर चढवणारं यंत्र) लावून स्वतःची वाहिनी सोडू शकत असे. आता सिग्नल डिजिटल आणि एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे बॉक्सशिवाय न उघडणारा, असावा लागतो. त्यामुळे तुमची वाहिनी आधी एमएसओच्या (गल्लीतल्या केबलवाल्यांना सिग्नल देणारा मोठा पुरवठादार) हेडएंडमध्ये, म्हणजे सगळ्या वाहिन्या एकत्र करून पुढे सोडणाऱ्या केंद्रात, जाते आणि तिथून सेट-टॉप बॉक्सपर्यंत पोचते.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अशा वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदोपत्री या वाहिन्यांना 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. कामाच्या बाबी अशा. नोंदणी एमएसओ करतो, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, प्रत्येक वाहिनीमागे एकदाच १,००० रुपये भरून. स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी दाखवायच्या असतील तर संस्था कंपनी म्हणून नोंदलेली लागते. भागीदारी किंवा एकट्याच्या नावाचा धंदा चालत नाही. एमएसओच्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशा वाहिन्या ठेवता येतात. ही मर्यादा राज्य पातळीवर मोजतात, आणि त्यावर प्रत्येक जिल्ह्यासाठी आणखी दोन वाहिन्यांची मुभा आहे. आपल्या भागात हे जिल्ह्याचं गणित नीट पाहा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात येते, पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. बेलापूर आणि खारघर शेजारी असले तरी एमएसओच्या यादीत ते दोन वेगळे जिल्हे आहेत.

सर्वात जास्त चुकणारी अट म्हणजे एका एमएसओवरची ही वाहिनी दुसऱ्या एमएसओला देता येत नाही. पूर्वी एकच फीड दोन-तीन ठिकाणी वाटला जायचा. आता देवस्थानांसारख्या धार्मिक स्थळांच्या थेट प्रक्षेपणापुरतीच सूट आहे. म्हणून करार करण्याआधी त्या एमएसओचे बॉक्स तुमच्या भागात खरोखर किती घरांत आहेत ते सोसायट्यांत फिरून पाहा. एमएसओने सांगितलेला आकडा बहुतेकदा पूर्ण नेटवर्कचा असतो. नौपाड्यात एक नेटवर्क चालतं आणि वागळे इस्टेटमध्ये दुसरं, असं सर्रास होतं.

करारात या गोष्टी लिहून घ्या: वाहिनीचा क्रमांक आणि तो बदलायचा झाल्यास किती दिवस आधी कळवणार, वाहिनी कोणत्या पॅकमध्ये, किमान बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) किती, नियमाने ठेवावं लागणारं ९० दिवसांचं रेकॉर्डिंग कोण सांभाळणार, जाहिरातीचा वाटा, आणि मजकुराबद्दल तक्रार आली तर उत्तर कोण देणार. नोंदणी एमएसओच्या नावावर असल्यामुळे पहिली नोटीस त्याला येते. तो घाबरला की वाहिनी त्याच संध्याकाळी बंद करतो. पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' ही ओळ ठेवणं बंधनकारक आहे. ती कायमच्या ग्राफिकमध्येच बसवा, म्हणजे कोणी विसरणार नाही.

सिग्नलची साखळी

कॅमेरा, एडिट, प्लेआउट संगणक (ठरलेल्या क्रमाने कार्यक्रम सोडणारा), एन्कोडर (चित्र-आवाज आकसून डिजिटल प्रवाह बनवणारा), हेडएंडपर्यंतची लाइन, मल्टिप्लेक्सर (अनेक वाहिन्या एका प्रवाहात जोडणारा), क्वॅम मॉड्युलेटर (क्वॅम ही डेटा केबलवर चढवण्याची पद्धत), फायबर, इमारतीतला नोड (फायबरचा सिग्नल केबल वायरीवर आणणारा डबा), कोअॅक्स, बॉक्स. यातलं एन्कोडरपर्यंतचं तुमच्या हातात असतं, पुढचं एमएसओच्या. तरीही पुढचं समजून घ्या, नाहीतर 'तुमच्याकडूनच खराब येतंय' या वाक्यापुढे बोलता येत नाही.

आपल्याकडे केबलवर एक वाहक (सिग्नल वाहणारा लहरींचा पट्टा) ८ मेगाहर्ट्झचा असतो. ६४ क्वॅम आणि सेकंदाला ६.८७५ मेगासिम्बॉल असा वेग धरला तर त्यात साधारण ३८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मावतात. तेवढ्यात बऱ्याच वाहिन्या कोंबायच्या असल्याने एमएसओ स्थानिक वाहिनीला कमीत कमी जागा देऊ पाहतो. एसडी (एचडी नसलेल्या साध्या) चित्रासाठी एच.२६४ या चित्र आकसण्याच्या पद्धतीत २ एमबीपीएसच्या खाली जाऊ नका. मिरवणुकीतला गुलाल, ढोल-ताशा पथकाचे फिरते झेंडे, पाऊस ही एन्कोडरसाठी सर्वात अवघड दृश्यं आहेत, आणि स्थानिक वाहिनी तर याच दृश्यांवर जगते. दीड एमबीपीएसवर अँकर छान दिसतो आणि गुलाल उधळला की सगळ्या चित्राचे ठोकळे होतात. भागात जुने, फक्त एमपेग-२ ही आधीची पद्धत उघडणारे बॉक्स असतील तर ३ ते ४ एमबीपीएस मागावे लागतात. हे आधी विचारा.

एन्कोडर नेहमी स्थिर बिटरेटवर ठेवा. बदलता बिटरेट ठेवला आणि अवघड दृश्याला तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर मल्टिप्लेक्सर जादा पॅकेट (डेटाचे तुकडे) टाकून देतो आणि चित्र तुटतं. तक्रार 'संध्याकाळी मिरवणूक लागली की वाहिनी अडकते, सकाळी बरोबर असते' अशी आली तर कारण बहुधा हेच. इनपुट गेल्यावर एन्कोडरने काळा पडदा नव्हे, वाहिनीचं स्थिर चित्र दाखवावं अशी सेटिंग करा. काळा पडदा दिसला की घरातला माणूस थेट केबलवाल्याला फोन लावतो.

ऑफिसात फीड मल्टिकास्ट स्वरूपात (एकच फीड एकाच वेळी अनेक यंत्रांना) फिरवत असाल तर नेटवर्क स्विच आयजीएमपी स्नूपिंग (मागणाऱ्या पोर्टलाच फीड देण्याची सोय) असलेलाच घ्या. साधा स्विच तो फीड प्रत्येक पोर्टवर ओततो. मग एडिटिंगचे संगणक रेंगाळतात आणि वाय-फाय बसतं. हेडएंडपर्यंत स्वतःची फायबर जोड मिळाली तर उत्तम. नाहीतर दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्रॉडबँड आणि एसआरटी प्रोटोकॉल (इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) वापरा. एसआरटीची विलंब-मर्यादा दोन सेकंद ठेवली की हरवलेली पॅकेट परत मागवायला वेळ मिळतो. थेट कार्यक्रमात दोन सेकंदांनी काही बिघडत नाही.

प्लेआउटसाठी एकसारखे दोन संगणक हवेत. दोन्हींवर तीच प्लेलिस्ट, दोन्हींची घड्याळं इंटरनेटवरून जुळवलेली, आणि मध्ये हाताने फिरवायचा स्विचर. ऑपरेटिंग सिस्टिम एका एसएसडीवर आणि कार्यक्रम दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आपोआप अपडेट, स्लीप, स्क्रीनसेव्हर, सूचनांचे आवाज बंद करा. या संगणकावर ईमेल आणि व्हॉट्सअॅप उघडायचं नाही, कोणी कितीही घाईत असला तरी. फाइलची नावं रोमन अक्षरं आणि अंकांत, मोकळी जागा न सोडता, तारखेपासून सुरू करा. काही प्लेआउट सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फाइल उचलत नाहीत आणि ते रात्री दोन वाजता कळतं.

शेवटची कडी म्हणजे तुमच्याच ऑफिसात लावलेला त्या एमएसओचा साधा ग्राहक-बॉक्स. प्लेआउटचा मॉनिटर सगळं ठीक सांगत असतो तेव्हाही हा बॉक्स खरं काय ते दाखवतो. घराघरात ठोकळे येत असतील आणि तुमच्या बॉक्सवर चित्र नितळ असेल, तर तो नोड किंवा इमारतीतली वायर तपासायला सांगा. ६४ क्वॅमला ग्राहकाच्या टोकाशी एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे याचं माप) २८ डीबीच्या वर असावा. २४ च्या आसपास घसरला की चित्र तुटू लागतं. पावसाळ्यात गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून हेच होतं.

पंचवीस फ्रेम आणि देवनागरी

आपलं प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचं आहे. मोबाइल मात्र बहुतेक वेळा ३० वर चित्रित करतात. ते २५ वर आणताना फ्रेम गळतात आणि बस किंवा लोकल जाताना चित्र धक्के खात सरकतं. वार्ताहरांच्या मोबाइलमध्ये २५ किंवा ५० फ्रेमवर चित्रण करणारं कॅमेरा अॅप पहिल्याच दिवशी टाकून द्या आणि शटर सेकंदाच्या ५० व्या भागावर ठेवायला शिकवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचं लुकलुकणंही याने थांबतं. मोबाइल आडवाच धरायचा. उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना धूसर पट्ट्या लावून वेळ मारून नेता येते, पण बुलेटिनमध्ये अशी एखादीच क्लिप असावी.

मराठी अक्षरांकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, याचं वाईट वाटतं. काही ग्राफिक सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाही: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, 'प्रभाग' मधला प्र फुटतो, 'दुसऱ्या' मधला ऱ्या तर हमखास बिघडतो. ओबीएस या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीटाइप प्रकारचा टेक्स्ट सोर्स वापरला की असंच होतं. विंडोजवरचा जीडीआय प्लस प्रकार वापरा. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी ही ओळ टंकून पाहा: 'दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमात कृत्रिम तलावाचं उद्घाटन'. ती अचूक उमटली तर बाकीचं सहसा उमटतं. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात का तेही पाहा. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं प्रेसनोटमधून येतं. ते कन्व्हर्टरने बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं, कारण जोडाक्षरं आणि अंक तिथेच चुकतात.

इंटरलेस चित्रात (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये दाखवतात तिथे) बारीक आडवी रेघ थरथरते, आणि देवनागरीत तर प्रत्येक शब्दाला आडवी शिरोरेषा असते. म्हणून पातळ फॉन्ट नको. शिरोरेषा निदान तीन पिक्सेल जाड दिसेल असा ठसठशीत फॉन्ट निवडा. सरकत्या पट्टीचा वेग प्रत्येक फील्डला पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा. दोन पिक्सेल ठेवले तर ७२० पिक्सेलचा पडदा शब्द साधारण सात सेकंदांत पार करतो आणि आजी-आजोबांनाही वाचता येतो. अडीच पिक्सेलसारखा वेग दिला की अक्षरं थरथरतात. सगळा मजकूर पडद्याच्या मधल्या ९० टक्क्यांत बसवा, कारण अनेक टीव्ही कडा कापतात.

आवाज

वार्ताहराकडे हातात धरायचा डायनॅमिक माईक असावा. रस्त्यावर कॉलर माईकपेक्षा तो कितीतरी बरा, कारण तो तोंडाजवळचंच उचलतो. तीन हात नाका किंवा एपीएमसीच्या गेटवर कॉलर माईक लावला तर बाईटमध्ये (लोकांच्या बोलण्याच्या तुकड्यात) हॉर्नच जास्त ऐकू येतात. माईक तोंडापासून वीतभर. बोलणाऱ्याच्या हातात माईक देऊ नका. तो तासाभराने परत मिळतो.

सभागृहात, म्हणजे गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, साऊंडवाल्याकडून थेट लाइन घेतात. इथे तीन चुका होतात. पहिली, मिक्सरचा लाइन लेव्हलचा आवाज कॅमेऱ्याच्या माईक इनपुटला देणं. आवाज फाटतो आणि तो एडिटमध्ये दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यावर 'लाइन' निवडा, तशी सोय नसेल तर मध्ये अॅटेन्युएटर (आवाजाची पातळी उतरवणारा जोड) लावा. दुसरी, वेगवेगळ्या प्लगमधून वीज घेतल्याने येणारी घुमघुम. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावला की ती जाते. तिसरी फसवी आहे. मिक्सरचं बॅलन्स्ड आउटपुट (तोच आवाज एका तारेत सरळ, दुसरीत उलटा देणारं) साध्या वायरने कॅमेऱ्याच्या साडेतीन मिलिमीटरच्या स्टीरिओ इनपुटमध्ये घातलं, तर डाव्या-उजव्या बाजूला एकमेकांच्या उलट आवाज नोंदतो. हेडफोनवर तो थोडा विचित्र पण ऐकू येतो. घरच्या टीव्हीने दोन्ही बाजू एकत्र केल्या की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि वक्ता मुका होतो. उपाय सोपा: रेकॉर्डिंगनंतर एकदा मोनोवर ऐका. आवाज गेला तर एडिटमध्ये एकच बाजू ठेवून दुसरी काढून टाका.

ढोल-ताशाजवळ आपोआप लेव्हल ठरवणारी सेटिंग बंद करा. ढोलावर टोल पडला की ती आवाज दाबते आणि मधल्या शांततेत वर ओढते, म्हणून ढोल धापा टाकल्यासारखा वाटतो. हाताने लेव्हल इतकी खाली ठेवा की सर्वात मोठा टोल शून्याच्या सहा डीबी खाली राहील.

शेवटी सगळ्या कार्यक्रमांचा सरासरी आवाज एकाच मापावर आणा: उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक), शिखर उणे १ डीबीच्या खाली. जाहिरातीसुद्धा याच मापात. दुकानदाराने दिलेली जाहिरात हमखास आठ-दहा डीबी मोठी असते. ती तशीच सोडली तर प्रेक्षक आधी आवाज कमी करतो आणि मग वाहिनी बदलतो.

रोजची माहिती-पट्टी

वाहिनीचा पाया हाच आहे, आणि इथे एक माणूस पूर्णवेळ हवा. त्याचं काम वार्ताहरापेक्षा वेगळं. रोज सकाळी सहा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता महापालिकेचं पाणीपुरवठा खातं, महावितरण, वाहतूक पोलिसांच्या अधिसूचना, रेल्वेचा मेगाब्लॉक, टीएमटी-एनएमएमटी या शहर बससेवांचे बदल आणि सार्वजनिक आरोग्य केंद्रांचे लसीकरणाचे दिवस तपासायचे. कळवा-मुंब्रा-शीळ भागात वीज वितरणाचं काम फ्रँचायझी कंपनीकडे आहे. तिथली चौकशी महावितरणकडे करून उपयोग नाही.

पाण्याची बातमी नीट द्यायची तर पुरवठ्याचा नकाशा डेस्कवर हवा. ठाण्याला स्वतःची योजना, स्टेम ही पाणी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार वाटांनी पाणी येतं. एमआयडीसीचं दुरुस्तीचं काम निघालं की फटका प्रामुख्याने दिवा, मुंब्रा, कळव्याला बसतो. नौपाड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नवी मुंबईचा मुख्य आधार मोरबे धरण. 'ठाण्यात उद्या पाणी नाही' ही ओळ निम्म्या शहरासाठी खोटी ठरते, आणि ज्यांनी उगीच पिंप भरून ठेवले ते तुमच्या पट्टीवर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

ओळीचा साचा ठरवून टाका: कधीपासून, कधीपर्यंत, कुठे, काय, नंतर काय. उदाहरणार्थ: 'शुक्रवार सकाळी ९ ते शनिवार सकाळी ९, कळवा-मुंब्रा-दिवा, पाणी बंद, रविवारी सकाळपर्यंत कमी दाब'. बारा ते पंधरा शब्दांत मावलं पाहिजे. 'आज', 'उद्या' हे शब्द पट्टीत वापरू नका, वार लिहा. मध्यरात्रीनंतर 'उद्या' चुकीचा होतो आणि तेव्हा बदलायला कोणी जागं नसतं. प्रत्येक ओळीला संपण्याची वेळ लावा, म्हणजे ती आपोआप उतरेल. सोमवारी सकाळी रविवारचा ट्रान्सहार्बर ब्लॉक पट्टीत फिरताना दिसला की वाहिनी ओस पडल्यासारखी वाटते. आणि पत्रकाशिवाय किंवा अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय कोणतीही ओळ चढवायची नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारं पत्रक कित्येकदा मागच्या वर्षीचं असतं. आधी तारीख आणि जावक क्रमांक पाहा.

वीस मिनिटांच्या बुलेटिनचं गणित असं बसतं. जाहिरातींना चार मिनिटं गेली, उरली सोळा. ठळक बातम्या एक मिनिट. नऊ बातम्या, प्रत्येकी पंधरा सेकंद अँकर आणि ७५ सेकंदांचं पॅकेज. मिनिटाला १२० शब्दांच्या वाचनाने पॅकेजमध्ये शंभर शब्द निवेदन आणि २५ सेकंदांचा बाईट. उरलेलं दीड मिनिट पाणी, वीज आणि लोकलसाठी. दिवसभरासाठी तीन तासांचं चक्र करून ते आठ वेळा फिरवा. रोज एक ताजं बुलेटिन आणि अर्ध्या तासाचा एक नवा कार्यक्रम एवढं पाच-सहा माणसांच्या चमूला झेपतं. यापेक्षा जास्त घोषणा करू नका.

गुन्ह्याच्या बातमीत स्थानिक वाहिनीची जबाबदारी मोठ्या वाहिनीपेक्षा जास्त आहे. पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाचं नाव-फोटो तर नाहीच, पत्ता, शाळा, कुटुंब आणि वस्तीही उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली सुरक्षित आहे. राष्ट्रीय वाहिनीने 'ठाण्यातली मुलगी' म्हटलं तर ओळख पटत नाही. तुम्ही सोसायटीचं गेट दाखवलं की अख्ख्या कोपरखैरणेला ती कळते. चेहरा धूसर करून मागचा जिना, दारावरची पाटी, आईचा आवाज तसाच सोडणं ही नेहमीची चूक आहे.

मिरवणूक थेट दाखवताना

अनंत चतुर्दशी, टेंभीनाक्याची देवी, दहीहंडी, गुढीपाडव्याची शोभायात्रा. वर्षाचं नाव याच दिवसांत होतं. आणि याच दिवशी मोबाइल नेटवर्क दगा देतं. मासुंदा तलावापाशी किंवा वाशीच्या शिवाजी चौकात गर्दी झाली की हजारो फोन एकाच टॉवरवर व्हिडिओ चढवत असतात. चार सिमकार्डांचं बाँडिंग (अनेक सिमचा वेग एकत्र करणारं यंत्र) घेऊन गेलात तरी चारही सिम त्याच गर्दीत असतात. सकाळच्या चाचणीत १५ एमबीपीएस मिळतं आणि रात्री आठला अर्धाही मिळत नाही.

म्हणून तारेचा मार्ग आधी शोधा. तीन आठवडे आधी मार्गावरचं एखादं दुकान, दवाखाना किंवा सोसायटीचं ऑफिस निवडा, त्यांची लेखी संमती घ्या आणि केबलवाल्याकडून तात्पुरती फायबर जोड ओढून घ्या. आपलाच केबल नेटवर्कवाला सोबत असल्याने हे इतरांपेक्षा तुम्हाला सोपं आहे. एक आठवडा आधी महापालिकेची आणि पोलीस ठाण्याची परवानगी, मंचाची जागा आणि वाहतूक बदलाचं पत्रक हातात हवं. गाडी दुपारनंतर आत जात नाही, सामान सकाळीच पोचवा. आदल्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे लाइट आणि गर्दी असलेल्या वेळी, तासभर सलग चाचणी घ्या. मोबाइलची जोड फक्त राखीव म्हणून ठेवा आणि तिचा बिटरेट एक एमबीपीएसवर आणा. खराब चित्र चालतं, अडकलेलं चालत नाही.

तीन कॅमेरे पुरतात: एक उंचावर स्थिर, एक मंचावर, एक फिरता. फिरत्या कॅमेऱ्याबरोबर वायर सांभाळायला वेगळा माणूस लागतो, त्याशिवाय कॅमेरामनला सोडू नका. मंडळाच्या जनरेटरवर सामान जोडू नका. डीजेचा भार वाढला की व्होल्टेज झुलतं आणि स्विचर रीस्टार्ट होतो. ड्रोनच्या मोहात पडण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलवरचा नकाशा पाहा. मुंबईचा विमानतळ आणि आता नवी मुंबईचाही, त्यामुळे आपल्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही अशी जागा बरीच आहे, शिवाय सणासुदीला पोलिसांचे मनाईहुकूम असतात.

मिरवणुकीत वाजणारी गाणी, नाट्यगृहातलं नाटक, जुने चित्रपट या सगळ्यांना हक्कदाराचा परवाना लागतो. केबल नियमांतला नियम ६ हे स्पष्ट सांगतो. हॉल आयोजकाने भरला म्हणून नाटकाचं चित्रीकरण दाखवायचा हक्क मिळत नाही. निर्माता आणि लेखक दोघांचं पत्र घ्या.

जाहिरात आणि निवडणूक

तासाला १२ मिनिटं ही वरची मर्यादा: १० मिनिटं व्यापारी जाहिराती, २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. केबल नियमांतल्या नियम ७ मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी स्थानिक वाहिन्या बिनदिक्कत मोडतात: कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या भागात जाहिरातीची स्थिर किंवा सरकती ओळ चालवता येत नाही. पट्टी माहितीसाठी ठेवा, जाहिरात ब्रेकमध्ये. वेळेच्या विक्रीवर १८ टक्के जीएसटी धरून दर सांगा, नाहीतर दुकानदाराशी वाद ठरलेला.

बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो एसडी पडद्यावर स्कॅन होईल इतका मोठा, निदान पाच सेकंद स्थिर ठेवा. चमत्कारी यंत्र, वशीकरण, असाध्य रोगावर हमखास इलाज अशा जाहिराती पैसे चांगले देतात. त्या घेऊ नका. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये अशा यंत्रांच्या टीव्ही जाहिराती बेकायदा ठरवल्या. औषधांच्या दाव्यांना १९५४ चा कायदा आहेच. आणि कायदा नसता तरी ज्या घरांना आपण पाण्याची खरी वेळ सांगतो त्यांनाच हे विकणं आम्हाला पटलं नसतं.

लोकसभा-विधानसभेच्या वेळी राजकीय जाहिरात एमसीएमसी (माध्यम प्रमाणन व संनियंत्रण) समितीच्या प्रमाणपत्राशिवाय चढवायची नाही. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या निदान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणूक प्रचाराचा मजकूर बंद. महापालिका निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाचे आदेश लागू होतात. ते छापून प्लेआउटच्या भिंतीवर लावा. सर्वात मोठी चूक जुन्या फाइलींतून होते: तीन महिन्यांपूर्वीचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक रात्रीच्या चक्रात राहून जातो आणि त्यात उमेदवाराचा फोटो असतो. आचारसंहिता लागली त्याच संध्याकाळी पूर्ण प्लेलिस्ट एकदा डोळ्यांनी पाहून काढावी.

वीज, पावसाळा, रेकॉर्डिंग

प्लेआउट, एन्कोडर, स्विच, राउटर आणि एक मॉनिटर मिळून भार साधारण ३५० वॅट. १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या २४ व्होल्टवर म्हणजे कागदावर ३,६०० वॅट-तास. जलद उपसा, पूर्ण न रिकामं करण्याची खबरदारी आणि इन्व्हर्टरची घट धरली की हाती दोन हजारांच्या आसपास उरतात, म्हणजे साडेपाच तास. एसी यावर जोडू नका. पण एसी बंद असताना खोली तापते, म्हणून एक्झॉस्ट पंखा यूपीएसवर असू द्या. जून ते सप्टेंबर लेन्सना बुरशी लागते. हवाबंद पेटीत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. भिजून आलेला कॅमेरा लगेच पेटीत बंद करायचा नाही, आधी पंख्याखाली सुकवायचा.

९० दिवसांचं रेकॉर्डिंग म्हटलं की लोक घाबरतात, पण हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसवर दिवसाचे २१.६ जीबी, नव्वद दिवसांचे १,९४४ जीबी. म्हणजे ४ टीबीच्या दोन डिस्क, एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर. रेकॉर्डिंग प्लेआउटच्या संगणकावरून न घेता ग्राहक-बॉक्सच्या आउटपुटवरून घ्या, म्हणजे घरी जे दिसलं तेच नोंदलं जाईल. कोपऱ्यात तारीख आणि वेळ चढवा. फाइल तासातासाच्या करा. चोवीस तासांची एकच फाइल वीज गेल्यावर उघडत नाही. जुनी फाइल आपोआप पुसण्याची सेटिंग ९५ दिवसांवर ठेवा आणि दर सोमवारी ८९ दिवसांपूर्वीचा कुठलाही एक तास उघडून आवाजासकट पाहा. एखाद्या मजकुराबद्दल तक्रार आलेली असेल तर त्या दिवसाच्या फाइल लगेच वेगळ्या डिस्कवर हलवा, कारण तक्रारीची सुनावणी लांबते आणि मुदत संपली की यंत्र त्या आपणहून पुसून टाकतं.